धुतलेली, सुकलेली, काचेची

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. शाळेचं पहिलं पुस्तक हातात पडायच्या आधीच घरात कोपऱ्याकोपऱ्यात सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. गुलाबी, पिवळा, पोपटी असा कागद. बाबा शाळेत शिक्षक होते, पण त्यांचा जीव पत्रकांत. रविवार आला की पिशवी खांद्याला लावून कधी रिसोडच्या बाजारात, कधी मालेगावच्या बस स्टँडवर उभे राहायचे. ‘कावीळ उतरवणाऱ्याला पाच प्रश्न’, ‘अंगात येतं म्हणजे नेमकं काय येतं?’, ‘विहिरीत ब्लिचिंग का टाकायचं?’ अशी त्यांची शीर्षकं असत आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी तीन ओळी ठरलेल्या असत. हे कोणी सांगितलं? त्याला कसं कळलं? तुम्ही तपासून पाहिलं का?

बाबांचा आणखी एक नियम होता. पत्रकाची मागची बाजू कोरी सोडायची नाही. कोरी बाजू दिसली की लोक त्यात भजी बांधतात, आणि दोन्ही बाजूंना छापलं तर निदान भजी खाता खाता वाचतात, असं त्यांचं म्हणणं.

नवव्या वर्षी मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं. ‘दोडका: एक लादलेली भाजी’. कार्बन पेपर लावून तीन प्रती केल्या आणि एक आईच्या पोळपाटाखाली ठेवली. मागची बाजू कोरी राहिली होती. आईने तिच्यावर लिहिलं, ‘ज्यांना दोडका नको त्यांना आज पोळीही नाही,’ आणि ते माझ्या ताटात वाढलं. मागची बाजू सोडायची नाही हे तेव्हापासून पक्कं झालं.

एवढं सगळं सांगायचं कारण, पुढे जे घडलं ते एका मागच्या बाजूने घडवलं.

डॉक्टर झाल्यावर मला नेमणूक मिळाली ती आमच्याच जिल्ह्यातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात आणि ते तसंच राहावं अशी इच्छा आहे. मोठे सर निवृत्तीला आलेले. मोठ्या सिस्टर माझ्या जन्माच्या आधीपासून सुया टोचत होत्या. आणि मामा होते. मामा म्हणजे झाडणं, पुसणं, धुणं, उकळणं, स्ट्रेचर ढकलणं आणि सक्शन मशीनला नेमक्या जागी थाप मारून ते चालू करणं, असं सगळं एकट्याने करणारा कर्मचारी. लॅब टेक्निशियनची जागा रिकामी होती. ती रिकामी कधीपासून आहे हे फक्त मोठ्या सिस्टरना आठवत होतं.

मी गेल्या गेल्या सुधारणा सुरू केल्या. दर गुरुवारी ओपीडी आटोपली की केस मीटिंग. आठवड्यातली एखादी तातडीची केस घ्यायची, काय केलं, काय राहिलं ते बोलायचं आणि त्यावरचं जगातलं ताजं संशोधन मी वाचून दाखवायचं. संशोधन फोनवर उतरवून घ्यावं लागे आणि त्यासाठी पाण्याच्या टाकीजवळ, हात वर करून उभं राहावं लागे. शिरपूरला दर्शनाला निघालेली, उन्हाने चक्कर आलेली मंडळी कधीमधी आमच्याकडे यायची. त्यातल्या एका आजोबांनी मला तशी उभी पाहून लांबूनच हात जोडले होते.

फळ्यावर मी खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘कोण चुकलं हे विचारायचं नाही. काय चुकलं हे विचारायचं.’ हे तत्त्व मला फार आवडायचं. पाळायचं मात्र इतरांनी, असं माझं नकळत ठरलेलं होतं. दर गुरुवारी मला कोण ते सापडायचंच. कधी उशिरा पेशंट पाठवणारा गावातला डॉक्टर, कधी मंत्र टाकणारा बुवा, कधी जिल्ह्याचा औषधसाठा, कधी शासन. मी बोलायला लागले की मोठे सर डोळे मिटायचे. मामा चहाबरोबर चिवडा वाटायचे. चिवडा संपला की मीटिंग संपली, असा अलिखित नियम होता आणि मामा तो फार हळूहळू वाटायचे, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

अतिदक्षता विभागांतलं संशोधन वाचताना मला एक गोष्ट परत परत भेटायची. आपण पेशंटसाठी जे जे करतो त्यातलं बरंच कमी केलं तरी चालतं. सलाईन कमी, ऑक्सिजन मोजून, रक्त लागेल तेवढंच. मी हे आवेशाने वाचायची. एकदा शरीराबाहेर फुफ्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रावरचा लेख वाचत होते.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, म्हंजे त्या मोठ्या दवाखान्याइत बी आता कमीच करून राह्यले?”

“हो. गरज असेल तेवढंच.”

“मंग आपुन तं लय पुढं हावो. आपल्याकडे पयलेच काई नाई.”

मोठे सर डोळे मिटूनच हसले. त्यांचा एकच शब्द होता, “पाहू.” पेशंट गंभीर असो, छताला गळती असो, माझी बदलीची धमकी असो, “पाहू.” मला त्या शब्दाची चीड होती. बाबांच्या एकाही पत्रकात ‘पाहू’ नव्हतं.

आमच्या भागात सोयाबीनच्या सोंगणीचे, कापणीचे दिवस म्हणजे साप चावण्याचे दिवस. मी पहिल्याच हंगामात पत्रक काढलं, ‘साप चावला तर’. पुढच्या बाजूला लोकांसाठी: दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, बुवाकडे नेऊ नका, हात किंवा पाय काठी लावून स्थिर ठेवा आणि थेट दवाखान्यात या. मागची बाजू, अर्थातच, कोरी सोडली नाही. ती दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांसाठी. त्यात नळीची तपासणी होती.

ही तपासणी फार साधी आहे. परड म्हणजे घोणस, किंवा फुरसं चावलं तर त्याचं विष रक्ताची गोठण्याची शक्ती मारतं. म्हणून पेशंटचं थोडं रक्त काचेच्या नळीत घ्यायचं, नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदा कलती करायची. रक्त गोठलं असेल तर ठीक. पातळ असेल तर विष चढलंय, सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू करा. यंत्र नको, वीज नको. मला तर ही तपासणी म्हणजे गरिबांच्या बाजूने उभं असलेलं विज्ञान वाटायची.

नळी कशी हवी, हे पुस्तकात नीट दिलेलं होतं: नवी, स्वच्छ, कोरडी, काचेची. पण मी पत्रकवाल्याची मुलगी. लिहिता लिहिता कानाला ताल सापडला आणि मी ठळक टाइपात छापलं: ‘नळी कशी हवी? धुतलेली, सुकलेली, काचेची.’

म्हणून बघा. छान म्हणता येतं. ‘नवी’ त्या तालात बसत नव्हती. शिवाय नव्या नळ्या दवाखान्यात आहेत कुठे, असंही मला वाटलं. मी ती ओळ मामांना तीनदा मोठ्याने वाचून दाखवली.

मामांनी ती मनावर घेतली. दवाखान्यात मी लिहिलेलं इतकं मनावर दुसऱ्या कोणी कधी घेतलं नाही. ते नळ्या कपडे धुण्याच्या पावडरीत भिजवायचे, बारीक ब्रशने घासायचे, पाण्यातून काढायचे आणि खिडकीत उलट्या लावून वाळवायचे. उन्हात त्या अशा चमकायच्या की मोठे सर एकदा म्हणाले, “मामा, यात रक्त घ्यावंसं वाटत नाही, सरबत घ्यावंसं वाटतं.”

गेल्या वर्षीच्या सोंगणीत एक बाई आली. जवळच्याच गावची, दोन एकरवाली, हसतमुख, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी. नाल्याकाठी गवत कापताना पायाला चावलं होतं. सोबत सासू. सासूचं म्हणणं, “पाणदिवड होता. म्या पाह्यला. पाणदिवड काई करत नाई.”

मी सासूला तिथेच पुरतं पत्रक ऐकवलं. तुम्हाला कसं कळलं, तुम्ही तपासून पाहिलं का, सापाची जात अशी नजरेने ठरवून किती माणसं आपण घालवतो. म्हातारी ऐकून घेत होती. नळीतलं रक्त वीस मिनिटांनी पातळ निघालं. मी नळी म्हातारीच्या डोळ्यांपुढे धरली आणि म्हणाले, “पाहा आजी. हे खोटं बोलत नाही.”

इंजेक्शन सुरू केलं. थोड्याच वेळात बाईच्या अंगावर गांधी उठल्या, ओकारी झाली, श्वास कोंडला, मनगटावर नाडी लागेना. या औषधाची अशी प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ॲड्रेनलिन भरून ठेवलेलं होतं. ते मांडीत दिलं, ऑक्सिजन लावला आणि ती परत आली. ती परत येईपर्यंतच्या त्या मिनिटांत मोठ्या सिस्टर तिचा हात धरून तिला रागावत होत्या, “अवो, डोये उघड. माह्याकडं पाह्य. घरी कोनाले सांगून आली का तू, जाऊन येतो म्हून?” पुढे औषध सावकाश परत चालू केलं. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा पातळ, पुन्हा औषध. मग जिल्ह्याला पाठवली. तिथे पोचताच त्यांनी तपासलं तर रक्त व्यवस्थित गोठलं. मी म्हटलं, आमच्या औषधाचा गुण.

त्या गुरुवारी मी ही केस विजयाची केस म्हणून मांडली. पत्रकाची दुसरी आवृत्ती काढली. पुढच्या बाजूला नाव न घेता तिची हकीकत: ‘वेळेत आली म्हणून वाचली.’ मागची बाजू तीच. ती बाई स्वतः येऊन पत्रकांचा गठ्ठा घेऊन गेली आणि तिने गावात घरोघर वाटला.

यंदाची गोष्ट. सोंगणी सुरू झाली होती. एका गुरुवारी मी मीटिंगला नेमका याच नळीच्या तपासणीवरचा एक लेख घेतला होता. टाकीजवळ पहिलं पान उतरलं आणि रेंज गेली, म्हणून मी पहिलं पानच वाचलं. त्यात म्हटलं होतं की नळी कोणती आणि कशी आहे त्यावर निकाल बदलू शकतो, म्हणून आपल्याकडच्या नळ्या आधी निरोगी माणसाच्या रक्तावर ताडून पाहाव्यात. हे मी खणखणीत आवाजात वाचलं आणि तिथून थेट ‘प्रत्येक गोष्टीला पुरावा मागितला पाहिजे’ यावर गेले. मी बराच वेळ पुराव्यावर बोलत होते.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “मंग आपुन आपल्या नळ्याइत कोनाचं चांगलं रगत टाकून पाह्यलं का कधी?”

मी म्हणाले, “सिस्टर, आपल्या नळ्या धुतलेल्या असतात.”

मामांनी मान डोलावली. चिवडा संपला.

पुढच्या मंगळवारी दुपारी बाराच्या सुमाराला दारात मोटारसायकल थांबली. नवरा चालवत होता, मध्ये तीच बाई, मागे तीच सासू. बाईचा उजवा हात लाटण्याला ओढणीने बांधलेला होता, पत्रकात सांगितल्याप्रमाणे अगदी सरळ. नवरा गाडी लावत बाहेर राहिला आणि सासूसुना आत आल्या.

“कायनं चावलं?” मी विचारलं.

“सोंगलेल्या सोयाबीनच्या सुडीवर ताडपत्री टाकत होती. आत हात गेला. मले दिसला नाई,” बाई म्हणाली. मग खाटेवर बसता बसता तिने माझ्याकडे बघून शांतपणे सांगितलं, “मॅडम, दोरी नाई बांधली, बुवाकडे नाई गेली, धावत बी नाई आली. तुमी लिवलं ते सारं केलं. पन ते सुई नका देऊ. सापानं वाचीन मी. त्या सुईनं नाई वाचत.”

“गरज नसेल तर नाही देणार.”

“आन गरज असन तं?”

तिला खरंच विष चढलं असेल आणि औषध दिलं नाही तर ती रक्तस्रावाने जाऊ शकत होती. दिलं तर, मागच्या वेळी कशीबशी परतलेली बाई यावेळी परतेलच असं कोणी सांगू शकत नव्हतं. त्या दोन्हींच्या मध्ये उभी होती ती एक चमकदार नळी.

मी रक्त घेतलं, नळीत सोडलं, वेळ लिहिली. हातावर दोन बारीक ओरखडे होते. सूज नव्हती. हिरड्यांतून रक्त नव्हतं. वीस मिनिटांनी नळी कलती केली. रक्त पाण्यासारखं वाहत काठापर्यंत आलं.

बाईने डोळे मिटले. सासूने पदर तोंडाला लावला. मी म्हणाले, “सिस्टर, ॲड्रेनलिन भरा. औषध काढा.”

मोठ्या सिस्टरनी दोन्ही गोष्टी केल्या. ॲड्रेनलिन भरून ट्रेमध्ये ठेवलं, औषधाच्या कुप्या ओळीने मांडल्या. मग खुर्ची ओढून त्या खाटेजवळ बसल्या, बाही वर केली आणि हात माझ्यासमोर ठेवला.

“पयले माहं घ्या.”

“काय?”

“रगत. त्याच नळ्याइतली दुसरी नळी घ्या. तुमीच वाचून दाखवलं ना गुरुवारी. चांगल्या मानसाचं टाकून पाहा म्हून.”

“सिस्टर, ही वेळ आहे का?”

“सूज नाई, हिरड्या साफ, बाई बोलून राह्यली. दोन ओरखड्याइनं रगत पाणी झालं म्हनता, मंग त्या ओरखड्यातून काहून नाई वाहून राह्यलं ते? मले नाई समजत. तुमी समजावून सांगा.”

मी ओरखड्यांकडे पाहिलं. त्यांवर छान खपली धरली होती.

मोठे सर दारात आले होते. मी त्यांच्याकडे वळले. त्यांनी बाईची नाडी पाहिली, खालची पापणी ओढून पाहिली, ट्रेकडे पाहिलं. “औषध हाताशी आहे. वीस मिनिटं,” ते म्हणाले, “पाहू.”

आयुष्यात पहिल्यांदा मला त्या शब्दाचा राग आला नाही. म्हणजे आला, पण राग येऊन पुढे काय करायचं ते सुचेना.

“आन मॅडम, नवी नळी बी लागन,” सिस्टर म्हणाल्या. “या बाईचं नव्या नळीत घ्या. माहं दोन्हीत.”

“नवी कुठून आणू?”

सिस्टरनी कमरेची किल्ली काढली. कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून त्यांनी एक खोका काढला. वर प्लास्टिक तसंच होतं. नव्या काचेच्या नळ्या. आमच्याकडची रीत अशी आहे की जे नवं येतं ते तपासणीला पथक आलं की दाखवायचं असतं. पथक येतं, कपाट उघडतं, खोका मोजतं, समाधानाने चहा पितं आणि खोका परत वर जातो. पडदे, चादरी, एक डिजिटल काटा आणि या नळ्या. सगळं कोरं करकरीत.

“हे इथे होतं?” मी म्हणाले.

“तुमी येच्या पयलेपासून हाय. आमी नव्याच वापरत होतो. मंग जुना खोका सरला, हा पथकासाठी ठेवला आन तुमचं ते आलं, धुतलेली, सुकलेली. म्या म्हटलं, डॉक्टर होय, नवीन शास्त्र असन.”

तीन नळ्या भरल्या. बाईचं रक्त नव्या नळीत, सिस्टरचं एका नव्या आणि एका धुतलेल्या नळीत. मामांना वाटलं आपण मागे राहिलो, म्हणून त्यांनीही हात पुढे केला आणि मोठ्या सरांनीही कोणी न सांगता बाही वर केली. त्या दोघांचं धुतलेल्या नळ्यांत. पाच नळ्या स्टँडमध्ये उभ्या राहिल्या. मी प्रत्येकीवर पट्टी चिकटवली आणि घड्याळ टेबलावर ठेवलं.

आता करायचं एवढंच की बाईवर नजर ठेवायची. काही सापांचं विष नसांवर चढतं, पापण्या जड होतात, श्वास कमी पडतो. त्यासाठी तिला एका दमात आकडे मोजायला लावतात. सिस्टर म्हणाल्या, “मोज वो. एका दमात.”

बाई भीतीने सव्वीसवर थांबली. सासू शेजारून म्हणाली, “एवढंच?”

“तुमी मोजा मंग,” बाई म्हणाली.

म्हातारीने पदर खोचला, श्वास भरला आणि एकसारख्या सुरात अडतीसपर्यंत गेली. मामांनी मोजलं, तिसाला खोकले. मोठे सर चोवीस. दर पाच मिनिटांनी बाईची पाळी यायची आणि दर वेळी ती दोन-तीन आकडे पुढे जायची, कारण सासूला मागे टाकायचं होतं. माझा नंबर लागला तेव्हा मी अकरावर थांबले. माझं लक्ष नळ्यांवर होतं आणि श्वास कुठेच नव्हता.

“मॅडमलेच चावला वाटते,” म्हातारी म्हणाली.

वीस मिनिटं झाली. मी आधी सिस्टरची धुतलेली नळी उचलली आणि कलती केली. रक्त वाहिलं. मामांचं वाहिलं. मोठ्या सरांचंही वाहिलं. सापाचं तोंडही न पाहिलेली तीन धडधाकट माणसं माझ्या तपासणीप्रमाणे विषाने भरलेली होती.

“बरं झालं, सोबत आहे,” मोठे सर म्हणाले.

सिस्टरची नवी नळी कलती केली. रक्त जागचं हललं नाही. राहिली एक. ती उचलताना सिस्टरनी खालून माझं मनगट धरलं. आम्ही दोघींनी मिळून ती कलती केली. आणखी कलती केली. शेवटी पार उलटी केली. बाईचं रक्त तळाला घट्ट धरून बसलं होतं.

मग बाई म्हणाली, “म्हंजे सुई नाई?”

“सध्या नाही. दर अर्ध्या तासाने पुन्हा पाहायचं आणि उद्यापर्यंत इथेच थांबायचं. पण आत्ता नाही.”

तिने तोंडावर लाटणं धरलं आणि लाटण्याआड रडली. हात सोडायचं आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

साबणाचा अंश काचेवर राहिला की रक्त गोठत नाही. म्हणूनच नळी नवी हवी, हे पुस्तकात त्याच पानावर खाली लिहिलेलं होतं. मी ते ओपीडीत जाऊन वाचलं. दोनदा वाचलं. मग गेल्या वर्षीच्या सगळ्या नळ्या डोळ्यांपुढे आल्या, सहा तासांनी पातळ, पुन्हा पातळ, आणि जिल्ह्याला जाताच गोठलेलं. कागदावर सगळं होतं. मी त्याला विजय म्हटलं होतं.

वॉर्डात परत जाण्यापेक्षा मला राजीनामा लिहिणं सोपं वाटत होतं. त्यातही मागच्या बाजूला काय लिहायचं ते सुचत होतं. पण गेले. खाटेजवळ स्टुलावर बसले आणि सांगितलं, “ताई, मागच्या सालीही बहुतेक विष नव्हतं. खात्रीने आता कोणी सांगू शकत नाही. पण ती नळी धुतलेली होती. तुमाले ते औषध बहुतेक उगाचच दिलं मी. आणि नळी धुवा हे लिवणारी मीच.”

बाई म्हणाली, “म्हंजे मी मरत होती ते तुमच्यानं. आन वाचली ते बी तुमच्यानं.”

“सिस्टरमुळे वाचलात.”

“ते बी खरं.”

सासू मात्र खाटेच्या पायथ्याशी सरळ होऊन बसली. वर्षभर ती हे मनात धरून होती. “पाणदिवड होता,” ती म्हणाली. “सांगतलं होतं म्या. तुमी म्हनल्या, तपासून पाह्यलं का. आता म्या पुसतो. तुमी पाह्यलं होतं का?”

बाबांचा प्रश्न मी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आले होते. त्याला उत्तर देणं किती अवघड असतं ते कळलं.

त्या संध्याकाळी मी आजूबाजूच्या सगळ्या दवाखान्यांना फोन केले, कारण पत्रकं तिथेही गेली होती. घाबरत घाबरत विचारलं, नळ्या धुता का? एक डॉक्टर म्हणाले, “नाही हो मॅडम, आमी नव्याच वापरतो.” मी म्हटलं, माझ्या पत्रकात मागे चुकीचं छापलंय. ते म्हणाले, “मागेही छापलं होतं का?” दुसऱ्या ठिकाणी पत्रक दाराला फट होती तिथे लावलेलं होतं. तिसऱ्या ठिकाणी कोणाला आठवेना. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की कोणत्या कारणाने वाटतंय ते ठरवता येईना. एवढी पत्रकं छापली आणि मागची बाजू वाचणारा, समजून घेणारा आणि अक्षरशः पाळणारा माणूस जगात एकच निघाला. मामा.

ते खिडकीपाशी उभे होते. नळ्यांचं स्टँड हातात घेऊन. “माह्याच हातानं झालं ना मॅडम हे,” ते म्हणाले.

मी फळ्याकडे बोट केलं. कोण नाही, काय. तेवढ्यात मागून सिस्टरचा आवाज आला, “यावेळी कोण बी मालूम हाय, मामा. तुमी नाई.” आणि मला तो आवाज, देवाशप्पथ, बरा वाटला.

गुरुवारच्या मीटिंगला केस मीच होते. मी बोलायला उभी राहिले आणि पाच मिनिटांत बसले. मोठ्या सरांनी पूर्ण वेळ डोळे उघडे ठेवले. खोका कपाटातून खाली आला. पथक आलं तर काय दाखवायचं, असं मी विचारलं, तेव्हा सर म्हणाले, “रिकामा खोका. पाहू, काय म्हणतात.”

बाई दुसऱ्याच दिवशी घरी गेली होती. रक्त प्रत्येक वेळी गोठत राहिलं होतं. निघताना मी तिला म्हटलं होतं, नवं पत्रक काढते, ‘चूक माझी होती’ असं शीर्षक घालते, तुम्हीच वाटा.

“पत्रक नको,” ती म्हणाली होती. “मागचे म्याच वाटले घरोघर. लोकाइनं त्याच्यात मिरच्या बांधल्या. तुमी गावात या आन तोंडानं सांगा.”

मी बाबांना फोन करून हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “जा. आणि सांगून झालं की लोकांना प्रश्न विचारू दे. मध्ये बोलू नको.”

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. देवळासमोरच्या ओट्यावर लोक जमले होते. सिस्टरनी एक नवी आणि एक धुतलेली नळी मांडली. मामांनी हात पुढे केला, सगळ्या गावासमोर, अभिमानाने. घड्याळ म्हातारीच्या हातात होतं आणि वीस मिनिटं होईपर्यंत तिने कोणाला ओट्याच्या पायरीवर पाय ठेवू दिला नाही. तिच्या सुनेने दोन्ही नळ्या उलट्या करून दाखवल्या. एकीतलं रक्त खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये पडलं. दुसरीतलं हललं नाही.

मागून एका माणसाने विचारलं, “हे धुवाचं डोकं कोनाचं होतं?”

मी उठायला लागले. पण म्हातारीने घड्याळ धरलेला हात माझ्याकडे करून टाकला होता.

“इचं,” ती म्हणाली. “पन आता ही तपासून पाह्यते. बसा, ऐका.”